ड्रॅगन

कोल्हापूरला रविवारची बुद्धिबळ स्पर्धा. एंट्री फी 300 रुपये. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर, बदली कामगार. शनिवारची रात्रपाळी करून तसाच एस.टी.त बसलो. केसांत कापूस होताच.

शेवटच्या फेरीत समोर क्लास लावलेला पोरगा. माझी मोहरी काळी. त्यानं नाव विचारलं. सांगितलं. ‘‘पूर्ण नाव?’’ दोस्तांनो, हा प्रश्न घड्याळ सुरू व्हायच्या आधीच येतो. आडनाव सांगितलं. ‘‘अच्छा,’’ म्हणाला, आणि राजाचं प्यादं दोन घरं पुढं सारलं.

पहिली चाल पांढऱ्याची, हा नियमच. काळ्यानं मग निमूट कोंडून घ्यावं, नाहीतर सिसिलियनमधला ड्रॅगन खेळावा. रद्दीतल्या पुस्तकातून मी तेवढाच शिकलेलो. नावाला बचाव, आतून निव्वळ मारामारी. आपला उंट जी-सातला बसतो, तिथनं कोपऱ्यापर्यंतची तिरकी वाट धरतो. पांढरा वजिराकडं किल्लेकोट करतो आणि एच-चं प्यादं आपल्या राजावर सोडतो. 1958 साली पोर्टोरोझला फिशरनं लार्सनचा ड्रॅगन असाच फोडला. पण 1995 साली न्यूयॉर्कला कास्पारोवनं आनंदविरुद्ध हाच बाहेर काढला आणि अकरावा डाव मारला. दोघंही एकमेकांच्या राजावर धावतात. एका चालीचा उशीर झाला की मेला.

मी सी-तीनवरचा घोडा हत्तीनं मारला. हत्ती पाच प्याद्यांच्या मोलाचा, घोडा तीनच्या. हिशेबात तोटाच. पण त्याच्या राजापुढची भिंत खचली. मग वजीर ए-पाचला, दुसरा हत्ती सी-आठला. पोरगा सावरून बसला. कान लाल झालेले. बराच वेळ पटाकडं बघत राहिला आणि एकदम हात पुढं केला, ‘‘ड्रॉ?’’

माझा हात डोक्याला न विचारता पुढं गेला. वर ‘‘थँक्यू सर’’ म्हणालो. माझ्यापेक्षा लहान पोरगं, आणि मी सर म्हणालो!

त्या रात्री पुन्हा पाळी. साच्यावर तुटलेले धागे सांधत होतो, पण डोळ्यांपुढनं पट हलेना. तीनच्या सुमाराला चाल सापडली. घोडा सी-चारला टाकायचा होता. वजीर आणि उंट, दोघांवर एकदम मार. त्यानं उंटानं घेतला तर मी हत्तीनं, मग सी-तीनच्या प्याद्यावर माझा वजीर आणि हत्ती दोघं...

जॉबर ओरडला. माझ्या मागं बारा धागे तुटून पडले होते.