ऊर्मिलेची झोप

वाचकहो, वनवासाच्या चौदा वर्षांत लक्ष्मणाने डोळ्याला डोळा लागू दिला नाही, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याच चौदा वर्षांत अयोध्येत मागे राहिलेल्या ऊर्मिलेचे काय झाले, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी विचारले असेल. कवींनी तिची उपेक्षा केली, याकडे रवींद्रनाथ ठाकुरांनी एका निबंधात लक्ष वेधले. पुढे मैथिलीशरण गुप्तांनी ‘साकेत’ (१९३१) या हिंदी महाकाव्यात तिला मानाचे स्थान दिले.

तेलुगू स्त्रियांनी तिची विचारपूस आपल्या गाण्यांतूनच केली. लक्ष्मणाच्या वाट्याची झोप ऊर्मिलेने स्वतःकडे घेतली, असे लोककथा सांगते. ‘ऊर्मिळादेवी निद्र’, म्हणजे ऊर्मिलेची झोप, या मौखिक गीतात पती परत येईपर्यंत ती निजून राहते. तो येऊन तिला जागे करतो, तेव्हा ती त्याला ओळखत नाही. परपुरुष समजून खडसावते. चौदा वर्षांच्या ताटातुटीचे मोल या एका प्रसंगातून कळते.

आपल्याकडेही जात्यावर बसलेल्या बायकांनी सीतेचा वनवास आपल्या सासुरवासाशी जोडून गायिला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी ग्रामीण महाराष्ट्रातून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. दूर इंग्लंडमध्ये कॅरोल ॲन डफी या कवयित्रीने १९९९ मध्ये ‘द वर्ल्ड्स वाइफ’ हा संग्रह काढला. डोंगरावर शिळा ढकलत राहण्याची शिक्षा भोगणाऱ्या ग्रीक पुराणातील सिसिफसची बायको त्यात बोलते. नवऱ्याचे कष्ट साऱ्या जगाला ठाऊक आहेत. तिच्या एकटेपणाची दखल मात्र कोणी घेतलेली नाही.

एका डॉक्टरने हे येथे का लिहावे, असे आपल्याला वाटेल. कारण ऊर्मिला माझ्या दवाखान्यात रोज येते. रुग्ण खुर्चीवर बसतो आणि ती औषधांची पिशवी घेऊन मागे उभी राहते. पक्षाघात झालेल्या पतीला घेऊन येणाऱ्या अशाच एका गृहिणीला मी विचारले, “काकू, तुमची तब्येत कशी आहे?” त्या म्हणाल्या, “रात्री दोन-तीनदा उठतात हो, डॉक्टर. पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलावी लागते.” प्रश्न त्यांच्याविषयी होता, उत्तर पतीविषयी आले. पुन्हा विचारल्यावर म्हणाल्या, “मला काय धाड भरलीय? यांचं बघा.” रक्तदाब मोजला, तो १७० वर १०० निघाला. स्वतःच्या गोळ्या त्यांनी दोन महिन्यांपासून बंद केल्या होत्या. त्या आणायला सवडच मिळाली नव्हती.

लोककथेतल्या ऊर्मिलेला निदान झोप तरी मिळाली. आपल्या घरांत उलटे घडते. शुश्रूषा करणारी व्यक्ती स्वतःची झोप रुग्णाला देऊन टाकते. महिनोन्महिने झोपमोड झाली की रक्तदाब आणि साखर बिघडू लागते, विसराळूपणा येतो, चिडचिड होते, उगाच रडू येते. हा स्वभावदोष समजू नये. सून असो, पत्नी असो वा मुलगा, अशा वेळी तपासणी त्यांचीही व्हायला हवी.

म्हणून काही गोष्टी आवर्जून करा. सेवा करणाऱ्याचा केसपेपर वेगळा काढा. आठवड्यातून निदान दोन रात्री दुसऱ्या कोणाकडे सोपवा. औषधांच्या वेळा एका कागदावर लिहून भिंतीवर लावा, म्हणजे सारे एकाच व्यक्तीच्या डोक्यात राहणार नाही. “माझ्यावाचून त्यांना चालत नाही,” असे कोणी म्हणाले, तर त्या वाक्यात प्रेमाबरोबर थकवाही आहे, हे ओळखा.

अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांनी हे वाचून अपराधी वाटून घेऊ नये. ऊर्मिलेची व्यथा ऐकल्याने लक्ष्मणाचा त्याग उणा होत नाही. आजारही कोणी मागून घेत नाही. पण एक गोष्ट अंथरुणावरूनही करता येते. आज रात्री औषध हाती देणाऱ्या माणसाला क्षणभर शेजारी बसवा आणि विचारा, “तू जेवलीस का? काल झोप लागली का?” त्यावर उत्तर तुमच्याच तब्येतीविषयी आले, तर पुन्हा विचारा.