फाइल कुणाच्या नावावर?

मैत्रिणींनो, चाकणच्या एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात मी कागदपत्रं सांभाळते. पार्टची ड्रॉइंगं गूगल ड्राइव्हवर, गिऱ्हाइकाच्या सूचना टीम्सवर अन् उरलेलं सारं व्हॉट्सअ‍ॅपवर! गेल्या पावसाळ्यात आमचा एक मुलगा नोकरी सोडून भोसरीला गेला. साहेबांनी त्याचं खातं पुसायला लावलं. फाइली दुसऱ्याकडे सोपवायची सोय असते, ती कुणी वापरलीच नाही. पुसलेलं खातं परत आणायला अ‍ॅडमिनला २० दिवस मिळतात, नंतर फाइलींनाही मुकायचं. सुधारलेली ड्रॉइंगं त्याच्याच खात्यात आहेत हे कळलं, तेव्हा अठरावा दिवस होता! जुन्या ड्रॉइंगवर माल गेला असता, तर अख्खी गाडी परत आली असती.

'माय ड्राइव्ह'मधली फाइल ज्यानं चढवली त्याच्या नावावर. इतरांना उघडून दिली, तरी मालकी त्याचीच. सातबारा दिराच्या नावावर अन् शेतात राबतोय आपण, तसंच की हे! कंपनीच्या पैसे भरून घेतलेल्या खात्यात 'शेअर्ड ड्राइव्ह' मिळतो. तिथली फाइल संस्थेची, माणूस गेला तरी ती राहते.

खातं परत आणलं, ड्रॉइंगं तिथे हलवली. व्हॉट्सअ‍ॅपवरचा पसारा मात्र अजून आवरायचाय.