ल्यूसर्नचा सिंह

ल्यूसर्नच्या स्टेशनातून बाहेर पडावे, पूल ओलांडावा आणि रमतगमत पंधरावीस मिनिटे चालावे, की एका जुन्या दगडखाणीपाशी आपण येतो. पुढ्यात लहानसे तळे आणि पलीकडच्या खडकात कोरलेला मरणासन्न सिंह. चांगला दहा मीटर लांब. कुशीत भाल्याचे मोडके टोक, पंजाखाली फ्रान्सच्या राजाची ढाल. स्वित्झर्लंडच्या सिंहाने मरावे ते परक्याची ढाल कवटाळून, याचे मला प्रथम नवल वाटले.

१० ऑगस्ट १७९२ रोजी पॅरिसमध्ये क्रांतिकारकांनी त्विलेरी राजवाड्यावर हल्ला केला. राजा सोळावा लुई आधीच विधिमंडळाच्या आश्रयाला निघून गेला होता. मागे लढत राहिले ते त्याचे पगारी स्विस शिपाई. ऐन लढाईत राजाची चिठ्ठी आली, 'शस्त्रे खाली ठेवा.' त्यांनी हुकूम पाळला, आणि बहुतेकांची कत्तल झाली. रजेवर घरी आल्यामुळे वाचलेल्या एका अधिकाऱ्याने पुढे हे स्मारक उभारविले. थॉर्वाल्डसेन या डॅनिश शिल्पकाराच्या कल्पनेवरून ते १८२१ साली पुरे झाले.

भाडोत्री शिपायाला कसले आले इमान, असे आपण सहज म्हणतो. गारदी म्हटले की आपल्याला १७७३ चा शनिवारवाडा आठवतो. पण पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढून प्राण देणारा इब्राहिमखानही गारदीच होता!

या डोंगरांत धान्य थोडे, खाणारी तोंडे फार. तेव्हा इथली पोरे करारावर परक्या राजांकडे जात. 'पैसा नाही तर स्विस नाही' अशी फ्रेंचांत म्हणच पडली. पण पैसा मिळे तो नावावर. १५०० साली नोव्हाराला मिलानचा ड्यूक स्विस शिपायाच्या वेषात निसटू पाहत होता. त्याला एका स्विसाने फ्रेंचांच्या हाती दिले. त्या माणसाला पुढे त्याच्याच मुलखात देहदंड झाला. दगा एकाचा, पण नाव जायचे ते साऱ्या मुलखाचे!

१८५९ च्या कायद्याने परदेशी पलटणींतली ही चाकरी बंद झाली; पोपची स्विस पलटण मात्र आजही आहे.

निघताना सिंहाखालचा लॅटिन लेख माहितीपत्रकाच्या आधाराने लावून पाहिला. अधिकाऱ्यांची नावे कोरली आहेत. शिपायांचा नुसता आकडा आहे, ७६०. आणि त्याच्या आधी, तितक्याच सुबक अक्षरांत, 'सुमारे'.