गाडींतलें वाचन

आम्ही राहतों पालघरास. तारापूर म्हटलें कीं लोकांस १९६९ सालचें अणुवीजकेंद्र आठवतें. आमची नोकरी मात्र बोईसरला उतरून गांठावयाच्या औद्योगिक वसाहतींत. वाटेंत उमरोळी हें एकच स्थानक. तेवढ्यांत पुस्तकाचीं चारपांच पानें काय तीं होतात! तरी २०१३ सालीं उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धांवूं लागल्यापासून आम्हीं असेच कित्येक ग्रंथ संपविले, व त्याचा आम्हांस अभिमानही होता.

परवां तो उतरला. कन्येनें ‘आमच्या घरांतील वाचन’ या विषयावर निबंध लिहिला. त्यांत आजोबा रोज रात्रीं मोठ्यानें वाचून दाखवीत, एवढेंच होतें. आमचें नांवही नव्हतें. विचारतां ती म्हणाली, “बाबा, तुम्हांला वाचतांना मीं पाहिलेंच नाहीं!”

खरेंच होतें. वाचन आम्हीं गाडीस दिलें, आणि घरीं आणला तो केवळ शीण. वडिलांच्या मागें आमच्या घरांत मोठ्यानें वाचलेला शब्द उमटलाच नव्हता.

त्या रात्रीं पिशवींतलें पुस्तक काढून पहिल्या पानापासून वाचावयास घेतलें. “आजोबा सावकाश वाचायचे,” कन्या म्हणाली. आम्हीही सावकाश वाचूं लागलों. कोठें उतरावयाचें नव्हतें.