तलाव कोणाचा?

आठवीत असताना वर्गनायक म्हणून माझी निवड झाली, तेव्हा नायकाचे काम म्हणजे गडबड करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे, एवढीच माझी समजूत होती. ही समजूत शाळेत नव्हे, तर उन्हाळ्याच्या सुटीत साकोली तालुक्यातील माझ्या आजोळी, एका तलावाच्या काठी मोडली. ती हकीकत विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावी, असे योजिले आहे.

आजोळच्या तलावास सर्वजण 'मामा तलाव' म्हणत, म्हणून तो माझ्या मामांचाच असावा असे मला बाळपणी वाटे. पुढे मामांनीच हसत हसत उलगडा केला, की 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी. आपल्या भंडारा जिल्ह्यात आणि १९९९ साली त्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात असे तलाव शेकड्यांनी आहेत. गोंड राजांच्या अमदानीपासून कोहळी शेतकऱ्यांनी त्यांतील कित्येक बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. १९५० च्या कायद्यान्वये मालगुजारी संपुष्टात आली व तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून पाळ खचली किंवा गाळ साचला, की 'सरकार पाहील' असे म्हणण्याची सवय लोकांस लागली. मामांचा उलगडा ऐकून मीही मनात तेच म्हटले.

त्या उन्हाळ्यात तलावात बेशरम फार माजली होती. ही परदेशातून आलेली झुडपे एकदा पसरली, की पाण्यातील देशी वनस्पतींस जागा उरत नाही आणि त्या वनस्पतींवर जगणारी मासळीही कमी होते. ढिवर मंडळींच्या पोटाचाच तो प्रश्न होता. गावकऱ्यांनी श्रमदान ठरविले व मुलांची तुकडी माझ्या स्वाधीन केली. मी पाळीवर उभा राहून हुकूम सोडू लागलो. झुडपे वरून छाटावी आणि कांड्या कोपऱ्यातील डबक्यात फेकाव्या, म्हणजे काम लवकर उरकेल, असा माझा बेत. एक लहानगा ढिवर मुलगा भीत भीत म्हणाला, "दादा, पान्यात नोको टाकू, ते पुन्हा फुटंल." मी त्यास दटावले, "तुला काय कळते?" तो मुकाट्याने कामास लागला. सायंकाळी सर्वांच्या आधी आमचा भाग साफ झाला व मी शाबासकी मिळविली.

दिवाळीत पुन्हा आजोळी गेलो. इतर ठिकाणी पाणी मोकळे होते. आमच्या कोपऱ्यात मात्र पूर्वीपेक्षाही दाट रान माजले होते. फेकलेल्या प्रत्येक कांडीस मुळे फुटली होती. त्या मुलाची आजी जाळे विणीत बसली होती. ती रागावली नाही, एवढेच म्हणाली, "बाबू, इचारलं असतं त सांगतलो असतो." ते शब्द मला छडीहून अधिक लागले.

पुढील उन्हाळ्यात मी आधी त्या मुलाकडे गेलो व त्याची क्षमा मागितली. त्याने दाखविले तसे चिखलात उतरून झुडपे मुळासकट उपटली, उन्हात वाळविली व जाळली. त्या दिवशी पुढारी तो होता आणि मी त्याचा मजूर. पुढे कळले, की भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने याच भागात पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जाणत्या ढिवरांच्या ज्ञानावर विसंबून तलावांतील बेशरम काढून देशी वनस्पती लावण्याचे काम केले आहे. जाणत्यास विचारणे यात कमीपणा नसून कामाची निम्मी सिद्धी असते, हे त्यावरून मनात पक्के ठसले.

शाळेत परतल्यावर फळ्यावर नावे लिहिणे मी सोडले. 'हे कोणी केले?' असे विचारण्याऐवजी 'आता काय करावयाचे राहिले?' असे विचारू लागलो, आणि झाडू प्रथम स्वतः हाती घेऊ लागलो. वर्ग एका दिवसात सुधारला नाही. परंतु मदतीस येणारे हात वाढले.

तलाव मामांचा, मग सरकारचा आणि अखेर माझाही, एवढाच माझ्या मनाचा प्रवास. बालमित्रांनो, तुमच्याही गावी एखादा तलाव, विहीर किंवा निदान वर्गाचा एखादा कोपरा वाट पाहत असेल. खाली उतरा, पण उतरण्यापूर्वी तेथे रोज वावरणाऱ्यास दोन शब्द विचारा.