नक्कल आणि श्वास

जुन्या नाटक मंडळ्यांत नटाच्या हाती संपूर्ण नाटक क्वचितच पडत असे. त्याला मिळे ती केवळ त्याची ‘नक्कल’, म्हणजे त्याची भाषणे, त्याची पदे आणि प्रत्येक भाषणाआधी समोरच्या पात्राच्या वाक्याचे शेवटचे दोनचार शब्द, एवढाच ऐवज असलेली एक वही. नट मंडळी सोडून गेला, आजारी पडला वा निवर्तला, की ती वही दुसऱ्याच्या स्वाधीन होई आणि भूमिकेचे हस्तांतर झाले असे व्यवहारात धरले जाई. गेली चाळीस वर्षे मी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करीत आलो आहे आणि नायकाच्या जागी येणाऱ्या नव्या गायकनटाची तालीम घेण्याचे कामही बहुधा माझ्याकडेच आले आहे. त्या अनुभवावरून मी सांगतो की, वही हाती देणे हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत सोपा भाग होय.

गद्य नाटकात नट बदलला म्हणजे वाणी बदलते, चाल बदलते, क्वचित प्रसंगाचा तोलही बदलतो. संगीत नाटकात मात्र नायक बदलला की नाटकाचा षड्जच बदलतो, आणि षड्ज बदलला म्हणजे त्याच्या आधाराने उभे असलेले सर्व काही, तबल्याच्या पुडीपासून नायिकेच्या पदापर्यंत, आपापली जागा नव्याने शोधू लागते. त्यातून नाटक दौऱ्यावर असेल तर हा शोध घेण्याची फुरसतही नसते. तारखा लागलेल्या असतात, कंत्राटदाराकडून इसार घेतलेला असतो, करारनाम्यात प्रयोगाची वेळ नमूद असते, आणि खेळ रद्द झाला तर वीस-पंचवीस माणसांचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो.

आपल्या रंगभूमीचा इतिहास अशा हस्तांतरांनी भरलेला आहे. किर्लोस्कर मंडळीच्या ‘सौभद्रा’त १८८२ साली भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा, मोरोबा वाघोलीकरांचा अर्जुन आणि बाळकोबा नाटेकरांचा कृष्ण असा जो संच जमला, तो पुढच्या प्रत्येक संचाला मोजण्याचा गज होऊन बसला. भाऊराव १९०१ साली गेले आणि नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, त्या मंडळीत दाखल झाले १९०५ साली. बालगंधर्वांची आठवण ‘दुसरे भाऊराव’ म्हणून आज कोणी काढीत नाही, यातच मंडळीचे शहाणपण आणि मराठी रसिकाचे भाग्य दिसते. ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत झाला, तेव्हा धैर्यधर होते नानासाहेब जोगळेकर, आणि त्याच वर्षी ते निवर्तले; चाली ताज्या असतानाच, गोविंदराव टेंब्यांनी त्या ज्या गळ्याला दिल्या तो गळा नाहीसा झाला. पुढे दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ रोजी, टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त ‘मानापमाना’त केशवराव भोसल्यांनी धैर्यधर उभा केला, तो बालगंधर्वांच्या भामिनीसमोर, म्हणजे निराळ्या मंडळीत, निराळ्या तालमीत वाढलेल्या गळ्यासमोर, आणि अवघ्या तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी केशवरावही गेले.

केशवरावांच्या ललितकलादर्श मंडळीची धुरा त्यानंतर बापूराव पेंढारकरांनी घेतली. त्या प्रसंगातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बापूरावांनी केशवरावांचा वारसा सांभाळला, पण तेवढ्यावर न थांबता १९२२ साली मामा वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ हे नवे नाटक रंगभूमीवर आणले. ज्या नाटकात आधीच्या नायकाची सावली कोठेच पडलेली नाही असे एखादे नाटक नव्या नायकाला मिळाले पाहिजे. मग जुन्या भूमिकेतही तो मोकळा होतो. ही युक्ती आजच्या निर्मात्यांनी विसरू नये असे मला मनापासून वाटते. आज अडचण वाढली आहे ती ध्वनिमुद्रणामुळे. जुना गळा आता रसिकाच्या घरी कायमचा राहावयास आला आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली आले तेव्हा जितेंद्र अभिषेकींनी वसंतराव देशपांड्यांची गायकी ध्यानात घेऊन खाँसाहेबांच्या भूमिकेच्या चाली बांधल्या. वसंतराव १९८३ साली गेले, तेव्हा त्यांचे नातू राहुल चार वर्षांचेही नव्हते. त्यांनीच २०१० साली ती भूमिका पुन्हा उभी केली, तेव्हा प्रेक्षागृहातील कित्येकांच्या कानांत आजोबांची प्रत्येक तान आधीपासून घर करून होती. रक्ताचा वारसा असला तरी गळा ज्याचा त्यालाच घडवावा लागतो.

माझ्या स्वतःच्या वाट्याला आलेला एक प्रसंग विस्ताराने सांगतो. आमचा ‘सौभद्रा’चा दौरा कोकणातून गोव्याकडे चालला होता. चौदा वर्षे कृष्णाची भूमिका करणारे आमचे बुवा सावंतवाडीच्या प्रयोगानंतर बोलूच शकेनात. स्वरतंतूंवर गाठी आल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी संपूर्ण मौन सांगितले. पुढे गोव्यात नऊ खेळ ठरलेले होते, पहिल्याला पाच दिवसांचा अवकाश होता. संचातच एक तरुण होता, नांदीत आणि किरकोळ भूमिकांत उभा राहणारा, पण बुवांची सर्व पदे विंगेत उभे राहून ऐकलेला. वही त्याला दिली. शब्द त्याला आधीच येत होते.

बुवा काळी एकमध्ये गात; या मुलाचा गळा पांढरी तीनला खुलत असे. ऐकणाऱ्याला हे अंतर थोडे वाटेल, पण त्याचा परिणाम पाहा. आमच्या तबलजींचा तबला तेवढा चढेना, तेव्हा लहान तोंडाचा दुसरा तबला सांगलीहून मागवावा लागला. माझी बोटे चौदा वर्षे ज्या पट्ट्यांवरून डोळे मिटून फिरली होती तेथून त्यांना उठवावे लागले. पण खरा पेच पडला रुक्मिणीच्या महालात. आमची रुक्मिणी काळी चारमध्ये गाई, म्हणजे बुवांचा पंचम तोच तिचा षड्ज. त्यामुळे एकाचे पद संपताच मी पंचम धरून ठेवी आणि दुसरीचे पद त्यावर सहज उमटे. आता तिचा षड्ज नव्या कृष्णाच्या शुद्ध गंधारावर येऊन पडला. गंधार धरून ठेवला की कृष्णाचे पद संपल्यासारखेच वाटेना आणि तिला स्वतःचा सूर गवसेना. दोन दिवस आम्ही झगडलो. शेवटी मी ऑर्गन तेथे पूर्ण बंद ठेवला आणि त्या दोन पदांमधले, एरवी गाळले जाणारे गद्य संवाद पुन्हा आत घेतले. तेवढ्या बोलण्यात कान पहिला सूर विसरू लागला.

तालमीत मला दुसरी एक गोष्ट उमगली, आणि ती मी आजवर प्रत्येक निर्मात्याला सांगत आलो आहे: तालीम नव्या नटापेक्षा जुन्या नटांना अधिक लागते. बुवा एका पदाच्या मुखड्यापूर्वी दीर्घ श्वास घेत, आणि त्या श्वासात आमचे बलराम एक पाऊल पुढे येत. नवा मुलगा तेथे श्वास घेत नसे. तरी बलराम पाऊल टाकीत, उगीचच अडखळत, आणि चूक मुलाची आहे असे सर्वांना वाटे. चौदा वर्षांत त्या संचाने एका माणसाच्या श्वासावर आपले घड्याळ लावून घेतले होते.

पहिला खेळ फोंडा महालातील एका देवळाच्या प्रांगणात झाला. गोव्याचा श्रोता पदे पाठ करून बसलेला असतो. पहिले पद संपले आणि टाळी पडली नाही. अपराध माझाच होता. मुलाने एका जागी विश्राम घेतला, आणि माझ्या बोटांनी, मी न सांगता, तेथे बुवांची तान भरली. श्रोत्यांनी ती ओळखली, मुलानेही ओळखली, आणि त्या क्षणापासून तो स्वतःचे गाणे सोडून बुवांच्या मागे धावू लागला. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या खेळाला मी ती जागा रिकामी ठेवली. मुलगाही तेथे गप्प राहिला, आणि ते दोन मात्रांचे मौन मला विलक्षण जड गेले. तिसऱ्या खेळाला, मडगावी, त्याने त्याच जागी निषादावरून षड्जावर इतक्या निवांतपणे उतरणे घेतले की पहिल्या रांगेतील एक वृद्ध गृहस्थ नकळत पुढे वाकले.

बुवा आमच्याबरोबरच बसमधून फिरत होते. घरी जाण्यास त्यांनी साफ नकार दिला होता. बोलणे वर्ज्य, तेव्हा काही सांगायचे झाले तर पाटीवर लिहीत. मडगावहून निघालो त्या सकाळी त्यांनी मुलाकडून ती वही मागून घेतली. चौदा वर्षांत त्यांनी तिच्यात पेन्सिलीने श्वासाच्या खुणा करून ठेवल्या होत्या, प्रत्येक पदात, कोठे अर्धा, कोठे पूर्ण. बस घाट चढत असताना मांडीवर वही ठेवून ते एकेक खूण खोडरबराने पुसत होते, आणि कागद फाटू नये म्हणून दुसऱ्या हाताने पान ताणून धरीत होते. मुलगा शेजारी येऊन उभा राहिला. बराच वेळ तो काही बोलला नाही, मग वाकून म्हणाला, “बुवा, रुक्मिणीच्या महालातली तेवढी राहू द्या. तिथे मला तुमच्यासारखाच श्वास लागतो.” बुवांनी पान उलटून ती जागा काढली, पुसट झालेली खूण पेन्सिलीने पुन्हा गडद केली आणि वही त्याच्या हाती दिली.