टाकीमागची दोरी

आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे एक दोरी आहे. शेजाऱ्यांच्या नजरेआड राहावी म्हणून मीच बांधलेली. मुलाची गोधडी तिथं वाळते. तो सात वर्षांचा आहे.

शर्टाच्या कॉलरमागचं लेबल त्याला टोचतं. नवा शर्ट आणला की आधी कात्री शोधायची. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही हात कानांवर. आणि हाच पोरगा पहाटे गार पडलेल्या ओल्या चादरीत खुशाल झोपलेला! एवढंसं लेबल कळतं, मग हे कसं कळत नाही? मी ओरडलो. संध्याकाळी सातनंतर पाणी बंद केलं.

डॉक्टरांनी शूचं काही विचारण्याआधी विचारलं, "शी रोज होते का?"

होत नव्हती. शाळेच्या संडासाचा वास त्याला सोसत नाही, फ्लशच्या आवाजाला तो घाबरतो. म्हणून दिवसभर आवळून धरायचं. आतडं तुंबलं की मूत्राशयावर दाब येतो आणि रात्री अंथरूण ओलं. लेबलापासून गोधडीपर्यंत हा असा धागा होता.

ऑक्युपेशनल थेरपिस्टबाई म्हणाल्या, एकाच मुलाला स्पर्श, आवाज जास्त जाणवतात आणि पोटातलं कमी, असं होऊ शकतं. भूक, तहान, भरलेलं मूत्राशय यांची जाणीव हेही एक इंद्रियच समजा. इंद्रियांकडून आलेलं मेंदू कसं जुळवतो, यावर अमेरिकेतल्या जीन आयर्स यांनी १९७२ साली पुस्तक लिहिलंय. पण सगळं खापर इंद्रियांवर फोडू नका, असंही थेरपिस्टबाईंनी बजावलं. पाचव्या वर्षी शंभरातली साधारण १५ मुलं अंथरूण ओलं करतात. कुणाची झोप गाढ, कुणाला रात्री लघवीच जास्त होते. बऱ्याचदा ते घराण्यातूनही येतं.

"घरात कुणाला होतं?" हे डॉक्टरांनीही विचारलं होतं. मी स्वतः तिसरीपर्यंत गोधडी भिजवायचो. बायकोसमोर हे तोंडातून निघायला मला दोन भेटी लागल्या.

आता पोट साफ राहायचं औषध चालू आहे. सकाळी पायाखाली पाट घेऊन तो दहा मिनिटं बसतो. पाणी दिवसभर पितो.

परवा त्याला विचारलं, "शू आली की तुला कुठं कळतं रे?" त्यानं बराच वेळ विचार केला आणि गुडघ्यावर हात ठेवला.

"इथं. हा हलायला लागतो."